सरळ न चालणारी घोडी

मला सरळ रस्त्यानं घोडा पळवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी हसायला नको. घोड्याच्या पाठीवर उभी राहून मी आयुष्याची वीस वर्षं काढली. एका पायावर उभी राहिले, एका पळत्या घोडीवरून दुसरीवर उडी मारली, डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवून फेऱ्या घातल्या. पण ते सगळं बेचाळीस फुटांच्या गोलात. सर्कशीचं मैदान कुठल्याही गावाचं असो, तंबू नवा असो की ठिगळं लावलेला, आतली रिंग बेचाळीस फूटच. बाबा मधे खुंटी ठोकून, दोरी धरून स्वतः ती आखायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. रिंगचं माप चुकलं तर घोड्याचं पाऊल चुकतं, आणि घोड्याचं पाऊल चुकलं की वर उभ्या असलेल्या बाईचं काय होतं ते बाबांनी एकदा बघितलं होतं. ती बाई माझी आई होती.

आणि घोडा पळणार तो डाव्या अंगानंच. डावा खांदा कायम आत, मधे चाबूक धरून उभ्या असलेल्या माणसाकडं. उजव्या अंगानं का नाही, असं मी लहानपणी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, माझ्या बापाला विचार. आजोबा तेव्हा वर जाऊन चार वर्षं झाली होती.

मला शिकवलं ते आईनं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वरच्या खांबाला. तळपायाला राळेची भुकटी चोळायची, म्हणजे पाय घसरत नाही. घोड्याकडं बघायचं नाही, समोर बघायचं, आणि अंग थोडं आत झुकवून धरायचं. गोलात पळणारा घोडा तुम्हाला बाहेर फेकत असतो, तुम्ही आत झुकायचं, की दोन्हींचा मेळ बसतो. सहा वर्षांची होते मी. झुकणं इतकं अंगात भिनलं की आजही शिलाई मशीनवर बसले तरी माझा डावा खांदा खाली असतो. नवरा म्हणतो, तुझ्यासाठी घरच तिरपं बांधायला पाहिजे होतं.

नवरा वेल्डर आहे. तेव्हा तो माजलगावात एका वर्कशॉपात कामाला होता. आमचा मुक्काम बाजाराच्या मागच्या मैदानात होता आणि झुल्याच्या खांबाला चीर गेली, म्हणून त्याला बोलावलं. तीन तासांचं काम. त्याला अकरा दिवस लागले. दहाव्या दिवशी बाबांनी त्याला विचारलं, की बाबा रे, तू खांब जोडतोयस की दुसरं काही? त्यानं खरं सांगून टाकलं. मला तो त्यासाठीच आवडला.

लग्न पालीच्या पुढं, धरणाच्या अलीकडं, त्याच्या गावात झालं. पांढरी साडी, समोर बुद्धाचा फोटो, मेणबत्त्या, वंदना, अर्ध्या तासात काम तमाम. आमच्या सर्कशीची सगळी माणसं आली होती. एवढंच, की चांगले कपडे म्हणून त्यांच्याकडं खेळाचेच कपडे होते. झुल्यावरच्या बायका टिकल्याटिकल्यांचे झगे घालून पहिल्या रांगेत बसल्या आणि गावातली पोरंसोरं नवरानवरी सोडून त्यांनाच बघत राहिली. जोकर तेवढा साध्या शर्टात आला, त्याला कुणी ओळखलंच नाही, बिचारा जेवण वाढत फिरला.

सर्कस त्याच साली बंद पडली. लोकांना सगळं हातातल्या मोबाइलवर दिसायला लागलं होतं, तंबूत कोण येणार? मालकानं तंबू विकला, खुर्च्या विकल्या, आणि मला आहेरात एक घोडी दिली. पांढरी, आईच्या हाताखाली तयार झालेली, शेवटची. तिला एका नटीचं नाव होतं, ते मी लिहीत नाही, कारण ते ऐकलं की माझ्या सासूचं कपाळ आजही दुखतं. आई-बाबा भावाकडं राहायला गेले. मी आणि घोडी टेम्पोत बसून सासरी आलो.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. अंगानं काडी, बोलणं मोजकं, आणि नजर अशी की कोंबडीसुद्धा अंडं द्यायला विसरत नाही. बावीस वर्षं त्यांनी ऊस तोडला. दसरा झाला की संसार गाडीत भरायचा आणि कुठल्या तरी कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी घालून राहायचं, उन्हाळ्यात परत यायचं. मुलगा कमावता झाला तेव्हा कोयता ठेवला, तो आजही दाराच्या वर खोचलेला आहे. टेम्पोतून घोडी उतरली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, की हे जनावर काय देतंय? शेळी दूध देती, कोंबडी अंडं देती, बैल नांगर ओढतो. हे काय देतंय?

मी तोंडाची फटकळ, त्यात नवी नवरी. म्हटलं, सलाम देती. आणि टाळी वाजवली. टाळी ऐकली की आमची घोडी पुढचा गुडघा टेकून मान खाली घालते, खेळ संपल्यावर घालायची तशी. आत्याबाईंनी ते बघितलं, घरात गेल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढची सात वर्षं आमचं भांडण एकच. मी बांधाबांधानं गवत कापून आणायची, ब्लाउज शिवून भुसा विकत घ्यायची, आणि त्या रोज सकाळी घोडीकडं बघून म्हणायच्या, खाऊ दे, खाऊ दे, पाहुणी हाय. नवरा मधल्या मधे. माझ्यापुढं माझं खरं म्हणायचा, मायपुढं मायचं. मी त्याला म्हणायची, तुझं वेल्डिंग चांगलं आहे, दोन्हीकडं चिकटतोस.

घोडीवर बसणं मात्र मी सोडलंच होतं. घराची सून चारचौघांत घोड्यावर उभी राहते, हे कुणाला पटलं असतं? तिला हातानं धरून धरणाच्या रस्त्यानं फिरवून आणायची, एवढंच. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर मी गोठ्यात जाऊन घोडीच्या मानेवर डोकं ठेवून रडायची. आई तिची मान जशी थोपटायची तशीच मी थोपटायची, म्हणजे आई जवळ असल्यासारखं वाटायचं. माझ्या माहेरचं तेवढंच तर उरलं होतं.

गेल्या साली पावसानं हात आखडता घेतला. कडबा मिळेना. तशात शेजारच्या गावचा एक माणूस आला. लग्नाच्या वरातीला घोडे देणं हा त्याचा धंदा. त्यानं घोडीचे दात बघितले, पाय बघितले आणि आत्याबाईंना म्हणाला, मी नेतो. मी आतून बाहेर आले ती मशीनवरची कात्री हातात घेऊनच. तो दोन पावलं मागं सरकला. आत्याबाईंनी मग निवाडा केला. लगीनसराई संपेपर्यंत मुदत. घोडीनं आपला कडबा आपण मिळवला तर राहील. नाही तर हा माणूस नेईल आणि कात्री मशीनवरच राहील.

मी मनात म्हटलं, अगं वरातच ना? हजार माणसांपुढं आगीच्या कडीखालून गेलेली घोडी आहे ही, वरातीला काय भिणार? सराव म्हणून एका सकाळी तिला धरणाच्या रस्त्याला नेली. रस्ता मोकळा होता आणि मला खुमखुमी आली. पाठीवर बसले, दौडवली आणि सात वर्षांनी उभी राहिले. उभी राहिले ती थेट डावीकडच्या चरात. घोडी सरळ पळत होती आणि मी सवयीनं आत झुकले होते. सरळ रस्त्याला आत नसतंच. स्कूटरवरचा एक मास्तर थांबला, पडलात का म्हणाला. मी म्हटलं, नाही, उतरले. घरी येऊन गुडघ्याला हळद लावली आणि ओळखून चुकले, की झालं, आपलं वय झालं, हात-पाय गेले. का पडले ते त्या दिवशी कळलं असतं, तर पुढचं रामायण झालं नसतं.

पहिलं लग्न नारायणगडाच्या वाटेवरच्या एका गावात मिळालं. घोडीला झूल घातली, कपाळाला गोंडा बांधला. नवरदेव वर बसला. मी लगाम धरून पुढं. देवळापासून मांडवापर्यंत जायचं, हाकेच्या अंतरावर. आणि बँड सुरू झाला.

आमच्या घोडीनं सात वर्षं बँड ऐकला नव्हता. कान ताठ झाले. अंगावरून शिरशिरी गेली. मग तिनं डावा खांदा आत घेतला आणि ठेक्यात पावलं टाकत गोल फिरायला लागली. मी लगाम ओढला, तर तिनं मलाच मधे घेतलं. मी मधे, नवरदेव वर, आणि भोवतीनं ती. तिच्या लेखी सगळं बरोबर होतं: बँड वाजतोय, मधे घरचं माणूस उभं आहे, माणसं बघायला जमलीत, मग खेळ चालू आहे. सरळ कुठं जायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ते शिकवायला हवं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. आमच्यातल्या कुणाच्याच आलं नसतं.

बँडवाल्यांना वाटलं हा खास खेळ आहे, त्यांनी ठेका वाढवला. नवरदेवानं फेटा एका हातानं धरला, मानेचे केस दुसऱ्या हातानं. नवरदेवाची आत्या ओरडायला लागली, की अवो पोराला चक्कर येतीय, उतरवा. मी बँड बंद करा म्हणत होते, पण बँडमध्ये कुणाला ऐकू जाणार? शेवटी बँड थांबला, घोडी थांबली, आणि लोकांनी खुश होऊन टाळ्या वाजवल्या.

टाळ्या. घोडीनं गुडघा टेकला, मान खाली घातली, आणि नवरदेव मानेवरून घसरत माझ्या पुढ्यात येऊन बसला. बरं, लागलं कुठंच नाही. उठून म्हणाला, मावशी, मी चालत जातो. आणि गेला बिचारा चालत, पुढं बँड, मागं मोकळी घोडी.

दोन दिवसांत त्या वरातीचा व्हिडिओ मोबाइलवरून पालीपासून माजलगावपर्यंत फिरला. नवरा रात्री झोपताना तो बघायचा, तोंडावर उशी दाबून हसायचा आणि माझं लक्ष गेलं की खोकायचा. मलाही हसू आलं असतं, पण पुढचं कुणी लग्न देणार नव्हतं, हे कळत होतं. आत्याबाईंनी एवढंच सांगितलं, की आता सराई संपायची वाट कशाला बघायची, रविवारी माणूस येणार. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

शुक्रवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. आत्याबाईंचा ओढ्यापलीकडं टेकाडाला एक तुकडा आहे, त्यात हरभरा काढून पडलेला. मळणीयंत्रवाला आठ दिवस उद्या येतो, उद्या येतो म्हणत होता, आणि तसंही यंत्र ओढा ओलांडून वर चढत नाही. बैल तर कधीच विकलेले. आत्याबाईंनी शेणानं सारवून जुन्या पद्धतीचं खळं केलं होतं, त्यात हरभरा पसरला होता आणि काठीनं बडवत होत्या. मीही काठी घेतली. घोडीला बरोबर आणली होती, दोनच दिवस राहिलेत, बांधावरचं हिरवं तरी खाऊ दे म्हणून. तिला मोकळी सोडली आणि आम्ही दोघी बडवत बसलो.

थोड्या वेळानं मागं पावलांचा आवाज आला. घोडी खळ्याच्या कडेला उभी होती. सारवलेला गोल बघत होती. मग आत आली, डावा खांदा आत घेतला आणि हरभऱ्यावरून चालायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी. टापांखाली घाटे कडाकडा फुटायला लागले. खळं काही बेचाळीस फूट नव्हतं, तीस भरलं असेल, तर तिनं आपणच पाऊल आखूड केलं. आत्याबाईंची काठी हातातच राहिली.

मग त्या झटक्यात उठल्या. कमरेची दोरी सोडली, घोडीला मुसकं बांधलं, म्हणजे हरभरा खायला नको, आणि दोरीचं टोक धरून मधे बसल्या, खांबाला बैल बांधायचे त्या जागी. तासाभरात पाच माणसांचं काम झालं. मी कडेचा हरभरा आत लोटत होते. आत्याबाई घोडीकडं बघत होत्या, आणि बघता बघता, माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"माजलगावला ऊस तोडायला गेलतो आमी. नवीन लगीन झालतं माजं. गाडी कारखान्याला निगाली की वाटंत सर्कशीचं दार लागायचं. त्याच्यावर चित्र व्हतं, पांढऱ्या घोड्यावर बाई उभी. रोज बगायचे मी. वाटायचं, खोटं हाय. अशी कुटं बाई उभी राहती व्हय?"

आत का नाही गेलात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, उसाच्या फडातून यायला अंधार, मग भाकरी, मग उद्याची तयारी. बँड तेवढा कोपीत ऐकू यायचा. बँड थांबला की टाळ्या. त्या अंथरुणावर पडून विचार करायच्या, की आता आत काय झालं असेल.

माजलगावला यायची ती आमचीच सर्कस, आणि त्या साली आमच्याकडं पांढऱ्या घोड्यावर उभी राहणारी बाई एकच होती. माझी आई. मला आधी रडू आलं आणि मग राग आला, असा राग की काय सांगू. सात वर्षं ही बाई माझ्या घोडीला पाहुणी म्हणतीय आणि पोटात हे घेऊन बसलीय! एकदा विचारायला काय झालं होतं? मी काठी फेकली, साडीचा काष्टा मारला, बांधावरची कोरडी माती तळपायाला चोळली, आणि त्यांना सांगितलं, की काहीही झालं तरी टाळी वाजवायची नाही. वाजवली तर घोडी खाली बसेल आणि मी तुमच्या मांडीवर येईन.

चरात पडलेला गुडघा अजून दुखत होता. आता पडले तर चित्र खोटंच होतं असं ही बाई मरेपर्यंत म्हणणार, आणि रविवारी घोडी जाणार. चालत्या घोडीवर उडी मारून बसले, जीभ टाळूला लावून बाबांसारखा आवाज काढला, तशी ती दौडायला लागली. मी गुडघ्यांवर आले. समोर बघितलं. अंग आत झुकवलं, आणि आत होतं. आत आत्याबाई होत्या. मी उभी राहिले.

माय गं, काय सांगू तुम्हाला. पाय लटपटले, मग आपोआप स्थिरावले. खालून हरभऱ्याचा कडकडाट, तोंडावर पावसाळी वारा. एका पायावरही उभी राहिले, दोन्ही हात पसरून, आईसारखी. आत्याबाई बसल्या जागी माझ्याबरोबर गोल गोल फिरत होत्या, डोक्यावरचा पदर पडलेला, तोंड उघडं, आणि टाळी वाजू नये म्हणून दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले. मनात तीन फेऱ्या म्हटलं होतं, मी अकरा मारल्या.

उतरले तेव्हा दम लागला होता. म्हटलं, वाजवा आता. त्यांनी वाजवली. उभ्या राहून वाजवली, किती वेळ वाजवली. घोडीनं त्यांच्यापुढं गुडघा टेकून मान खाली घातली. आत्याबाईंनी सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या कपाळावर हात ठेवला.

"उठ माय," त्या म्हणाल्या, "उठ."

आणि लगेच मला, की बघत काय बसलीस, अजून निम्मा हरभरा हाय, पाऊस आला म्हणजे? पाऊस काही आला नाही. पोती भरून झाल्यावर आभाळ निवळलं.

रविवारी तो माणूस आला, बरोबर टेम्पो घेऊन. आत्याबाईंनी त्याला चहा दिला आणि घोडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. तो हसला. म्हणाला, मावशी, तुमची घोडी सगळ्या जिल्ह्यानं मोबाइलवर बघितलीय, गोल सोडून तिला काही येत नाही, वरातीच्या काय कामाची? माझ्याकडं द्या, महिन्याभरात सरळ चालायला शिकवतो.

आत्याबाईंनी त्याच्या हातातला रिकामा कप घेतला. दाराच्या वर खोचलेल्या कोयत्याकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"कशापायी?" त्या म्हणाल्या. "आमाला आता कुटं जायचंय?"